दोन बोटं माया

प्रिय अब्बा,

उद्या सकाळी अकरा वाजता अमरावतीला माझी परीक्षा आहे आणि आज कुर्ता अंगात शिरेना, म्हणून तुम्हाला पत्र लिहायला बसले. हसू नका. कारण खरंच एवढंच होतं, निदान सकाळपर्यंत तरी.

तुम्ही शिवलेला तो निळा कुर्ता. उद्या तोच घालायचा, हे महिनाभर ठरलेलं होतं. आज घालून पाहिला तर काखेत आवळला आणि कंबरेशी श्वास अडकला. दोष सगळा अम्मीचा! मी पुस्तक उघडलं की ती ताट घेऊन हजर. वर मलाच म्हणते, "त्याईच्या वहीत पाय ना, माया किती ठेवली ते लिवलं असन. उसवून देतो, हाय काय अन् नाही काय!"

म्हणून किल्ली घेऊन दुकानात आले. तुम्ही गेल्याला सात महिने झाले. मशीनवर अम्मीची जुनी चादर आहे, टेप खिळ्यालाच आहे, आणि मापाच्या वह्या फळीवर. मी कटिंगच्या टेबलावर पाय हलवत बसले आहे. तुम्ही असता तर ओरडला असता.

घरात आपण उर्दू, हिंदी, वऱ्हाडी जे तोंडात येईल ते बोलायचो, पण मापाची वही मात्र तुम्ही मराठीतच लिहिलीत. म्हणून हे पत्रही मराठीत. वहीशेजारी ठेवायचं आहे ना!

ती माया आठवते का? चौथीत, रोज अकोल्याहून येणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, माया म्हणजे काय? मी हात वर करून ठसक्यात सांगितलं, शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. सगळा वर्ग हसला. मी रडत दुकानात आले, तर तुम्ही म्हणालात, "बाईले म्हणा, कपडे शिवाले मूर्तिजापूरलेच या." माझं उत्तर चूक नव्हतं, हे तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाहीत.

परीक्षेचं नाव तुम्हाला कधी धड घेता आलं नाही. ग्राहक व्यवस्थापन सॉफ्टवेअरची ॲडमिनिस्ट्रेटर, असं मी दहादा सांगितलं. तुम्ही मशिदीपासून स्टेशनपर्यंत सांगत सुटलात, "पोट्टी गिऱ्हाइकं सांभायाची परीक्षा देऊन राह्यली." मला भारी लाज वाटायची. आता वाटतं, याहून सोपं कुणी सांगितलं आहे का? अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या ऑफिसातून ठिबकचे संच विकले जातात. कोणत्या शेतकऱ्याने कधी फोन केला, त्याच्या वावरात काय आहे, त्याच्याकडे कोण जाऊन आलं, हे सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, आणि ते नीट चालवणारं माणूस म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर. तुम्ही तीस वर्षं या वह्यांत तेच तर केलंत.

रोज सकाळी पॅसेंजरची वेळ होईस्तोवर तुम्ही माझी परीक्षा घ्यायचात. इंग्रजी पुस्तक उलटं धरून! कोणाला काय दिसावं याची परवानगी हा धडा मला पाठ होत नव्हता. तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "मापाची वही मी पायतो. शकीला काज-बटन करते, तिले बटनं किती एवढंच सांगतो. कोनाचं पोट किती सुटलं, ते तिले काहून सांगू?" तो धडा मी परत वाचला नाही. गरजच पडली नाही.

पण अब्बा, एक तक्रार आहे. पहिल्या खेपेला मी तुमच्यामुळे गोत्यात आले!

प्रश्न असा होता: एकच नाव, एकच गाव, एकच फोन नंबर, अशा दोन नोंदी आहेत, तर काय कराल? जगातल्या कुठल्याही माणसाने म्हटलं असतं, तपासून एक करा. पण मी मूर्तिजापूरची. माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या वहीतले दोन गजानन वानखडे उभे राहिले. एकाच गावचे, चुलतभाऊ, घरात मोबाइल एकच. तुम्ही एकापुढे लिहिलं होतं "हसरा" आणि दुसऱ्यापुढे "डावा खांदा खाली". वऱ्हाडात घराआड एक गजानन! तुमचा आवाजही कानात आला, "दोन गजाननचा एक केला तं पँट कोनाची कोनाले जाईन?" मी ठोकून दिलं, दोन्ही नोंदी तशाच ठेवा. तसले आणखी तीन-चार प्रश्न होते, तेही तसेच. तिथेच पडद्यावर आलेल्या निकालात त्या भागात मी सपशेल आपटले.

आता तुम्हाला कळलं असेल, हे पत्र कशाकडे चाललं आहे. अब्बा, मी त्या दिवशी पास झाले नव्हते.

गाडीत बसून मी सांगायचं कसं याचीच तयारी करत होते. उतरले तर तुम्ही फलाटावर, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू माझं लग्न आहे! त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली होती. दसऱ्यालासुद्धा कोणी नवं कापड घेऊन आलं नव्हतं. जुन्या पँटी कंबरेत आत घ्यायला येत होत्या, तुम्ही टाचण्या लावत होतात आणि नवी मापं वहीत चढवत होतात. जुन्यापेक्षा कमीच सगळी. एरवी गिऱ्हाइकाशी अखंड बोलणारे तुम्ही त्या वर्षी गप्प झाला होतात. आणि फलाटावर तुमचा चेहरा फुललेला. "काय झालं?" तुम्ही विचारलंत. माझ्या तोंडून निघून गेलं, "झाले पास."

संध्याकाळपर्यंत गल्लीत बालुशाही वाटून झाली होती. माझ्या हातात तुम्ही दोन ठेवल्यात. मी खाल्ल्या, अब्बा. दोन्ही.

ऑफिसात मी खरं सांगितलं होतं. साहेबांनी आणखी एक संधी दिली, तीच उद्याची. पास झाले तर अकोल्याचं काम माझ्याकडे. नाही तर पुण्याचं मुख्य ऑफिस सगळं तिकडून चालवणार आणि मलाही तिकडेच जावं लागणार. अम्मीला इथे एकटं टाकून? किंवा नोकरी सोडून? तिसरा रस्ता मला तरी दिसत नाही. पण खरं सांगू? पुण्यापेक्षा ती बालुशाहीच मला जास्त छळते. तुम्ही गेलात ते मी पास झाले असं समजून. आजारपणात चारदा ओठांवर आलं, चारदा गिळलं. तुमची मी माफी मागायला हवी होती आणि मी तुम्हाला औषधाच्या वेळा सांगत बसले.

हे सगळं सकाळपर्यंतचं. आता वहीचं ऐका.

शेवटच्या वहीत माझं पान शेवटून तिसरं निघालं. बालुशाहीनंतरच्या आठवड्यात तुम्ही मला टेबलापाशी उभं करून माप घेतलं होतं. कशाला, विचारलं तर म्हणालात, "हापिसात घालाले." आणि वहीत काय लिहिलं आहे? "शाहीन. निळा कुर्ता, परीक्षेसाठी. खांदे पाडून उभी राहते. माया दोन बोटं."

परीक्षेसाठी? पास झालेल्या मुलीला परीक्षेचा कुर्ता कशाला?

मी वही तशीच उचलून घरी पळाले. अम्मी भाकरी थापत होती. तिने वहीकडे पाहिलंही नाही. "तुह्या अब्बाले सारं ठाव होतं," ती म्हणाली. "मले म्हणे, पोट्टी पास झाली तं सकायी उठून अजून घोकून काहून राह्यली? बालुशाही वाटली तं वाटली. तू काई बोलू नको, तिची ती सांगन."

मी तिथेच बसून आधी रडले आणि मग इतकी हसले की अम्मीने पिठाच्या हाताने एक धपाटा घातला. पाठीवर अजून पीठ आहे.

मी किती बावळट! "पास" झाल्यावरही तुम्ही रोज सकाळी पुस्तक उलटं धरून बसायचात, तेव्हा मला कळायला नको होतं? मी म्हणायचे, आता कशाला अब्बा? तुम्ही म्हणायचात, "मले शिकाचं हाय." आणि मी मारे तुम्हाला शिकवायचे! अशाच एका सकाळी मी तुम्हाला सांगितलं होतं की सॉफ्टवेअर दोन नोंदी आपोआप एक करत नाही, आधी इशारा देतं, माणसाने तपासून ठरवायचं. तुम्ही खूश झालात. "म्हंजे त्यालेबी ईचारा लागते ना, कोनता गजानन?" तो भाग आता माझा पक्का आहे, आणि तो तुम्ही मला शिकवलात, मी तुम्हाला नाही.

रागही आला तुमचा. एकदा तरी कान धरून विचारायचं होतंत! वाट बघत बसलात. मी मेली सांगितलंच नाही, आणि तुम्हीही थांबला नाहीत.

मी परत दुकानात येण्याआधी अम्मीने कुर्ता उसवला. दोन बोटं म्हणजे भरपूर निघाली, काखेतही आणि कंबरेतही. जुन्या शिवणीची रेघ तेवढी राहिली आहे, इस्त्रीनेही जात नाही. राहू दे. आरशासमोर उभी राहिले तेव्हा अम्मी म्हणाली, "खांदे वर कर." केले.

आता वचन देते. उद्या स्टेशनवर उतरले की जे झालं असेल तेच बोलेन, पास तर पास, नापास तर नापास. आधी अम्मीला, मग दुकानात येऊन तुम्हाला, आणि मग बालुशाही खाल्लेल्या सगळ्या गल्लीला, दारोदार जाऊन. पास झाले तर परत वाटणार नाही हं. माझी बालुशाही तुम्ही आधीच वाटून ठेवली आहे, आता मला फक्त पास व्हायचं आहे.

तुमची,
उद्या दुपारपर्यंत तरी नापास,
शाहीन