छगनची काच

सोमवार, १० जानेवारी १९७२
सर्जन डॉ. मुथांकडून माझ्या पॅथॉलॉजीत तपासणीला बाटली आली. प्रोस्टेटमधून सुईने काढलेले दोन तुकडे, शेवयांहून बारीक. नाव छगन. वय कोरं, गाव कोरं! विचारलं तर म्हणाले, "तुम्ही काच बघा, बाई. माणूस मी बघतो." आणि नजर चुकवली. हे त्यांच्या स्वभावातलं नाही.

बुधवार, १२
तुकड्यांचे काप लावलेली काच मायक्रोस्कोपखाली पाहिली. ग्रंथी बारीक, एकमेकींना खेटलेल्या. निरोगी ग्रंथीभोवती पेशींची बाहेरची ओळ असते, ती इथे कुठेच नाही. कॅन्सरच वाटतो — पण एवढ्याशा तुकड्यावर लिहू? मी लिहिलं की मुथा त्या माणसाचे अंडकोश काढणार; प्रोस्टेटचा कॅन्सर त्यांच्याच रसावर वाढतो. ते काही परत बसवता येत नाहीत.
वॉर्डात चौकशी केली. आया राहीबाई म्हणाली, "छगन नावाचं कुनीबी न्हाई हितं." मग हा तुकडा कुणाचा? खाजगीत कापाकापी करायची आणि सही माझी घ्यायची, असा तर बेत नाही ना! राग आलाय.

गुरुवार, १३
कोर्टाच्या कामासाठी आबा गेल्या आठवड्यापासून तिसगावहून येऊन राहिलेत. इतक्या दिवसांनी वडील घरी, आणि माझ्या डोक्यात मुथा! जेवताना त्यांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, पेशंटचं नावही आपल्या सालदाराचंच, छगन. आबा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "लई खोलात शिरू नगंस, पोरी. डाक्टर हाय त्यो, बघंल त्याचं त्यो." आबासुद्धा त्यांचीच बाजू घेतात!

शुक्रवार, १४
तुकडे ज्यात बसवलेत त्या मेणाच्या ठोकळ्यातून आणखी काप काढायला लावले. एका कापात ग्रंथीने मज्जातंतूला पुरता वेढा घातलाय; साधी ग्रंथी असं करत नाही. संपलं. कॅन्सर. सही केली.
काचेबद्दलचा संशय गेला, मुथांबद्दलचा नाही. छगन सोमवारी निकालाला येणार, असं कंपाउंडर बोलून गेला. अहवाल मी स्वतः घेऊन जाणार. माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागद हातचा सोडणार नाही.
आज संक्रांत. तिळगूळ देताना मुथांशी गोड बोलले. जिवावर आलं होतं.

सोमवार, १७
मुथांच्या दाराशी उभी राहिले. कंपाउंडरने पुकारा केला — छगन!
बाकावरून आबा उठले. मला पाहिलं आणि परत खाली बसले.