डाव्या जांघेवरची फुली

जबलपूर,
९ जुलै १९७३

ति. बाबांस,
कलावतीचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमच्या गुडघ्याचं इंदिराताईनं कळवलं. शेक घेता की नुसतं घेतो म्हणता?

आता बसून वाचा. भय्यासाहेब डॉक्टर माझ्या वॉर्डात आला आहे. होय, तोच, चौदा वर्षांपूर्वी ज्यानं तुम्हाला आपल्या इथल्या खाजगी दवाखान्यातून हाकललं. लकवा मारला आहे. डावीकडचा मेंदू बिघडला म्हणून उजवा हात-पाय गेला, वाचाही गेली. समजतं मात्र सगळं. मला ओळखलं नाही. काहून ओळखील? मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरच्या पोरीकडं त्यानं कधी पाहिलं होतं?

बाबा, त्याच्या खाटेपाशी उभी राहिले की माझं रक्त उकळतं. कुंडम गावच्या त्या टिकाराम पेशंटचा हर्निया उजव्या जांघेत होता. तुम्हाला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून ऑपरेशनला कोणती बाजू तयार करायची ते हा चिठ्ठीवर माणसाचं चित्र काढून, फुली मारून सांगायचा. समोर तोंड केलेल्या माणसाचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं, एवढं त्या दिवशी घाईत त्याला सुचलं नाही, नि फुली पडली डाव्या जांघेवर. उताणं झोपवलं की फुगवटा आत जातो, म्हणून तुम्ही विनवलंत की साहेब, एकदा पेशंटला उभं करून पाहू. तर म्हणे, अंगठाछाप ड्रेसर मला शिकवतो! नको ती बाजू कापली, चिठ्ठी फाडली, नि खापर तुमच्यावर फोडलं. वरून त्याच्या बायकोनं, पद्मजाबाईनं, मोहल्लाभर केलं की गुलाबराव पिऊन आला होता. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून ज्या माणसानं थेंब शिवला नाही, तो!

दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची असते. नाही बदलली तर आठवड्यात माकडहाडावरची कातडी सडते. वही माझ्याच हातात आहे. वळवला असं लिहायचं नि वळवायचं नाही. कोण विचारणार? तुम्ही फक्त हो म्हणा.

रागात लिहिलं म्हणून माया कमी करू नका.

तुमची
कला


नागपूर,
१३ जुलै

चि. कलास अनेक आशीर्वाद व जयभीम.

अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे. या वयात प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलो ते काहून, तुला ठाऊक आहे.

पोरी, तू नर्स आहेस की कसाई? त्याची पाठ सडवून मला काय भेटणार? तो मरून जाईल, नि मी जन्मभर दारुडाच राहीन. वळव त्याला. टायमावर वळव, एक औषध चुकवू नको. दया आली म्हणून सांगून नाही राहिलो, हे पक्कं समज. तुझी आई मरेपर्यंत नळावर बायकांची बोलणी ऐकत गेली. ते मी विसरलो नाही, विसरणारही नाही. मला तो जिता पाहिजे नि डोकं शाबूत पाहिजे.

बोलता येत नाही म्हणतेस. डावा हात तर आहे ना? फुली मारायला तेवढा पुरतो.

वेळेवर जेवत जा. या म्हाताऱ्यावर अशीच हक्कानं रागावत राहा.

तुझा बाबा,
गुलाबराव


जबलपूर,
२० जुलै

ति. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमचं ऐकलं. डावी कूस, उताणा, उजवी कूस, पुन्हा डावी. पाठीवर एक डाग नाही. रोज सकाळी शिकाऊ नर्सेसना त्याच्याच खाटेपाशी उभं करते नि विचारते, उजवं कोणाचं? त्या एका सुरात सांगतात, पेशंटचं! तिसऱ्या दिवशी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं की मी गुलाबराव ड्रेसरची मुलगी. त्यानं डोळे मिटले. मी आवाज वाढवला.

काल पद्मजाबाई बसल्या होत्या. मी कागदावर माणूस काढला, पेन्सिल त्याच्या डाव्या हातात दिली नि विचारलं, टिकारामच्या चिठ्ठीवर फुली कुठं होती? पद्मजाबाई दीदी दीदी करत विनवायला लागल्या की आजारी माणसाला छळू नका. मी म्हटलं, बाई, चौदा वर्षं आम्हीही आजारीच होतो. मग त्यानं हळूच डाव्या जांघेवर फुली मारली. हर्निया कुठं होता विचारलं, तर बोट उजवीकडं ठेवलं. गुलाबराव प्यालेले होते का? मान हलवली, नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी पुसलं, कारण ते माझं कामच आहे.

पद्मजाबाई इतकी वर्षं त्याच्याच शब्दावर बोलत होत्या; त्यांनी स्वतः पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तशीच मान हलवली. हे सगळं त्यांनीच खाली लिहिलं, नि साक्षीदार म्हणून सही केली. त्याला सही काही जमेना. मग मी शाईचा पॅड आणला, नि डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. बाबा, भय्यासाहेब डॉक्टर अंगठाछाप!

कागद सोबत रजिस्टरनं पाठवते आहे. पोचल्याचं कळवा, तोवर मला घास गोड लागायचा नाही.

तुमची
कला


नागपूर,
२५ जुलै

चि. कलास अनेक आशीर्वाद.

कागद भेटला. ठसा चांगला ठळक आला आहे. आधी इंदिराला मोठ्यानं वाचायला लावला, मग मी वाचला, मग पुन्हा वाचला. तुझ्या आईच्या फोटोपुढं ठेवला नि खूप रडलो. त्याच्या तीन नकला हातानं केल्या आहेत. एक तिथं जबलपुरात, आपल्या जुन्या मोहल्ल्यातल्या नळापाशी चिकटवायची.

रविवारी येऊन राहिलो. भेटायची वेळ चार ना? त्या वेळी त्याला डाव्या कुशीवर ठेव, तोंड दाराकडं कर. पाठीला उशी दे, घसरू देऊ नको. मी आत चालत येईन, ते त्यानं शेवटच्या पावलापर्यंत पाहिलं पाहिजे.

बाकी भेटीत. माया आहे तशीच.

स्वतःच्या हातानं,
गुलाबराव