अकरा नंबरची दोरी

४ जाने.
काल कळव्याला पोचलो. नऊ महिन्यांनी घर. मावशी आलेली. तिकडे वाळवंटात करतोस काय रे नक्की? म्हटलं, लोक विमानातून उड्या मारतात, त्यांच्या पॅराशूटच्या घड्या घालतो. "म्हणजे इस्त्रीवाला?" सगळे हसले. आई नाही हसली. नववी नापास पोराचं काम तिला अजून कोणाला धड सांगता येत नाही.

५ जाने.
इथे मन लागत नाही. सावंतदादा आमचे तिकडचे मुख्य, नवख्या माणसाला स्वतःच्या पुढे बांधून उडी मारतात. दिवाळीत मला बांधून मारलेली, तीच आठवते. वाटलेलं पोटात गोळा येईल. नाही आला. पडतोय असं वाटतच नाही. वारा खालून उचलून धरतो, गाल फडफडतात, मी ओरडतोय आणि मलाच ऐकू येत नाही. एक मिनिट पण नसेल. तेव्हापासून बाकी सगळं हळू.

६ जाने.
आईसोबत साडीची घडी घालत होतो. हात मधेच थांबले.
निघायच्या दिवशी शेवटचं पॅराशूट, अकरा नं. अर्ध्यात आईचा फोन, विमान किती वाजता. उठलो, बोललो, परत बसलो, बॅग बंद. मोठ्या छत्रीला बाहेर ओढते ती छोटी छत्री, तिची मधली दोरी घडी घालताना खेचलेली का? ती नाही खेचली तर छोटी फुलत नाही, मोठी बाहेर येत नाही.
आमच्यात नियम आहे. मधे उठलास तर सगळं सोड, पहिल्यापासून घाल. मी नाही सोडलं. खाली गाडी हॉर्न मारत होती.
अकरा नं. सावंतदादांचं.

७ जाने.
ग्रुपवर बघितलं. मी निघाल्यापासून तिकडे वारा, उड्या बंद. म्हणजे अजून तसंच बॅगेत. उद्या चालू.
खेचली असेल. रोज तेच करतो, हात विसरत नाहीत.
सांगितलं तर गेलं काँट्रॅक्ट. पुढचे कागद दादांच्याच टेबलावर, सही बाकी. मग माजिवड्याला मामाच्या गॅरेजात नट पिळा.
जास्तीचं एक पॅराशूट असतं म्हणा. पण ते उघडेपर्यंत... आणि पुढे कोणीतरी बांधलेलं, माझ्यासारखं, ओरडत.

८ जाने., सकाळ
गच्चीवर जाऊन फोन. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.
"दादा, अकरा नंबर घालू नका."
"घातलंय. विमानाकडे चाललोय. काय झालं?"
"उतरवा. दोरीचं मला आठवत नाही."
मागे विमानाचा आवाज.
"मधे उठलेलास?"
"हो."
फोन कट.
आई जिन्यातून, "चहा निवतोय रे, सकाळी सकाळी कोणाशी भांडतोस?"

८ जाने., दुपार
दादांचा फोटो आला. अकरा नं. जमिनीवर उघडं करून ठेवलंय. दोरी खेचलेली नाही.
खाली एवढंच, "आज दुसरं घालून गेलो."
काँट्रॅक्टचं काही नाही. मी सॉरी लिहिलं, पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.
आईने विचारलं, परत जायचं तिकीट कधीचं? सतराचं म्हटलं. तिने लगेच बेसन भाजायला घेतलं, तिकडे न्यायच्या लाडवांसाठी. थांब म्हणणार होतो. आत जाऊन बसलो.