पोळ्याच्या आदल्या दिवशीची सुई

बाबा, बर्फाशिवाय टिकेल अशी लस बनवायच्या कामात मी गेली बरीच वर्षं आहे. तुम्ही होतात तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे हे तुम्हाला कधी कळलं नाही.

धाड गावच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही लसी टोचायचात. सकाळी गोळेवाल्याकडून बर्फ आणायचा, थर्मासमध्ये लसीच्या बाटल्यांभोवती भरायचा आणि जीपच्या मागच्या बाकावर बसून खेड्यांत जायचं. घरी आलात की काचेच्या सिरिंजा आईच्या चुलीवर उकळायला ठेवायचात. आई म्हणायची, "माह्या भाजीले जनावराचा वास येऊन राह्यला." तुम्ही म्हणायचात, "तरीच चव लागते." एका उन्हाळ्यात जीप वाटेत बंद पडली, बर्फाचं पाणी झालं आणि तुम्ही न टोचताच परत आलात. मी विचारलं, "काऊन परत आले, बाबा?" तुम्ही चपला काढत म्हणालात, "लस तापली. टोचली असती तं लोकांले वाटलं असतं, आपली जनावरं वाचली." जेवायला बसलात आणि ताटावरून तसेच उठलात. त्या वर्षी त्या खेड्यांतल्या जनावरांत लाळ्या-खुरकूत आला होता.

आता लम्पी आहे. बैलाच्या अंगभर गाठी येतात, ताप चढतो, पाय सुजतात. आमच्या लसीत विषाणू नसतोच. त्याच्या एका जनुकाची प्रत आम्ही डीएनएच्या बारीक कड्यात बसवतो आणि ते कडं टोचतो. मग जनावराच्याच पेशी विषाणूचा तेवढा एक तुकडा तयार करतात आणि शरीर त्याला ओळखायला शिकतं. जीप बंद पडली, बर्फ वितळला, तरी हे डीएनए लगेच वाया जात नाही. उंदरांमध्ये छान जमलं. बैल मोठा जीव, त्याच्यात असर कमी पडतो, म्हणून दुसरा डोस वेळेवर द्यावा लागतो.

परवानगी मिळाली तेव्हा चाचणीसाठी मी धाडजवळचंच एक गाव निवडलं. पहिला डोस दिला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत बसून दुसऱ्याची तारीख मोजली. दुसऱ्या डोसला संध्याकाळी तिथे पोचले, तर एक म्हातारे शेतकरी आपल्या जोडीतल्या एका बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळत बसलेले. दुसऱ्या दिवशी पोळा होता. तुमची मुलगी असून मी पोळा विसरले.

"बाई, आता तं मी याले आवतन दिलं," ते म्हणाले. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं बैलाला सांगून झालं होतं. "पाहुण्याले जेवाले बोलावाचं अन् सुई टोचाची, हे कसं दिसते?"

शेजारचा ओट्यावरून म्हणाला, "पुण्यात राहून बाईचं कॅलेंडर बी इंग्रजी झालं वाटते."

मी हसले, पण सांगायचं ते सांगितलं. शेजारच्या गावात लम्पी आला आहे. हा डोस चुकला तर पहिला वाया जाऊ शकतो. म्हातारबांनी खांदा चोळून पुरा केला. मग हात धोतराला पुसले आणि उठून कासरा आखूड धरला. "टोचा मंग. जगला तं पुढचा पोळा पाहील."

बैल शांत उभा होता. मी पेटी उघडली आणि परत लावली. म्हटलं, "राहू द्या काका, पोळा झाल्यावर येते."

पोळा झाल्यावर गेले, टोचलं. नंतर रक्त तपासलं तेव्हा प्रतिकारशक्ती वाढलेली दिसली, पण आशा होती तेवढी नाही. त्यांच्या बैलांना गाठी आल्या नाहीत. ते लसीमुळे की नशिबानं, हे मी सांगू शकत नाही. म्हातारबा मात्र गावभर सांगतात, बाईच्या सुईनं वाचले.

आमच्या बैठकीत डोस उशिरा का दिला, असं विचारलं. मी म्हटलं, शेतकऱ्यांच्या सणाचा मान राखला. सगळ्यांना ते पटलं. काहींना तर आवडलंही.

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्यांनी कासरा धरला तेव्हा सणाचा विचार माझ्या मनात नव्हता. माझ्या हातातल्या लसीवर त्यांचा जेवढा विश्वास बसला होता, तेवढा माझा नव्हता.