माल्यात ठेवून आलेली साखर

पौड, १३ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. जया हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. रागातच लिहायला बसलो आहे, तेव्हा गोड शब्दांची वाट पाहू नकोस. गेल्या रविवारी तू मैत्रिणींबरोबर मोटारीतून पौडावरून मुळशीचे पाणी बघायला गेलीस आणि भावाच्या दाराशी पाच मिनिटे थांबली नाहीस. तुझ्या वहिनीने हात केला, तर तू उलट हात हलवून पुढे!

ते एक असो. काल मुळशीच्या वाटेवरल्या माले गावचा कुशाबा दुकानात आला. डोक्याला कोरे पागोटे. वयाने माझ्याहून मोठा माणूस, आल्या आल्या माझ्या पाया पडला. म्हणाला, की आता तुमी आमी सोयरे झालो, तारीख कवा धरायची त्ये सांगा. कसली तारीख विचारले तर नुसता हसला. पोरगा लई झ्याक हाय, मोटार हाकतोय, असे म्हणून गुळाची ढेप ठेवून गेला. त्याला हौसा नावाची मुलगी आहे हे मला ठाऊक. पण आमच्या घरात लग्नाचा मुलगा कुठला? आमचे चिरंजीव अजून बिगरीत आहेत. माझे डोके चालेनासे झाले आहे. तिथे काय बोलून आलीस ते लगेच कळव.

वहिनी रुसली आहे, तरी पापड तुझ्यासाठी काढून ठेवलेत.

तुझा दादा,
जयसिंग

पुणे, १६ फेब्रुवारी १९५९

ती. दादांस जयाचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा काही कळले नाही. वहिनींच्या पाया पडते. येताना नक्की थांबणार होतो, पण अंधार पडला.

झाले ते असे. मी, चंद्रा आणि सुलताना, आमच्या शाळेतल्या तिघी. मोटार चंद्राच्या यजमानांची, चालवायला त्यांचा नथू. माल्याच्या अलीकडे इंजिन तापले. रस्त्याकडेचे घर सारवलेले, दारात रांगोळी, म्हणून पाणी मागायला गेलो. आत पाय ठेवतो तो काय, घोंगड्या अंथरलेल्या, पोहे तयार! या बसा, वाटच बघत होतो, असे म्हणाले. आम्हाला वाटले, मावळातली माणसे किती अगत्याची. मी तर पौडाची लेक म्हणून मैत्रिणींपुढे मिरवून घेतले, तुमचेही नाव सांगितले.

मग त्यांनी हौसाला समोर बसवले. चौथी झालेली, सोळा वर्षांची, डोळे विलक्षण हुशार. आम्ही पडलो मास्तरणी. मी तिला वाचायला लावले, पुढे शिकायला आवडेल का विचारले. सुलतानाने तोंडी हिशेब घातले. चंद्रा कवायत शिकवते, तिने ताठ चालून दाखव म्हटले. पोरीने सगळे न अडखळता केले. मला इतके कौतुक वाटले की माझ्या वेणीतला गजरा तिला माळला आणि कुंकू लावले. चहा गुळाचा होता. तळ्याकाठी चहा करायला आम्ही साखरेची पुडी नेली होती, ती निघताना तिच्याच हातात ठेवली. त्यावर घरात एकदम आनंद झाला. आमच्या दोघींच्या ओट्या भरल्या. सुलतानाची मात्र भरली नाही, उलट धोंडाबाई म्हणून आजी आहेत, त्या तिच्या पाठीवरून हात फिरवून हळहळल्या. ती बिचारी तेव्हापासून विचारते आहे की माझे काय चुकले.

यात सोयरीक कुठून आली, दादा? माया आहे ती राहू द्या.

आपली,
जया

पौड, १९ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. जया हिस अनेक आशीर्वाद.

बाई गं, तू मास्तरीण झालीस आणि पौडाला विसरलीस. वरपक्षाच्या बायकांनी मुलीला कुंकू लावून हातावर साखर ठेवली की आपल्याकडे बोलणे पक्के. त्याआधी त्या काय करतात? वाचायला लावतात, चालायला लावतात.

चौकशी केली तेव्हा कळले, पिरंगुटच्या लोकांनी कुशाबाला निरोप धाडला होता, की रविवारी आमच्या बायका मुलगी बघायला येतील. तुम्ही सकाळी पोचलात. तुमच्यात नवरदेव शोधला तर मोटारीपाशी टोपी घालून नथू उभा! सुलतानाताईंच्या कपाळी कुंकू नाही, म्हणून त्या मुलाची विधवा आत्या ठरल्या. त्यांचे यजमान खुशाल असोत. दुपारी खरे पिरंगुटचे आले, तर कुशाबाने साखर झाली म्हणून त्यांना दारातून परत लावले. तो मुलगा बिजवर आहे, हौसाच्या दुप्पट वयाचा, पण स्थळ ते स्थळ. आता नाही म्हणालो तर पोरीला टाकली असा बोभाटा गावभर होईल. मला तर काही सुचत नाही.

जयसिंग

पुणे, २२ फेब्रुवारी १९५९

ती. दादांस सा. न. वि. वि.

आधी हसले आणि मग रडले. नथूला बायको आणि दोन मुले आहेत. तोही आधी हसला. माझ्यामुळे त्या पोरीचे नाव खराब होणार, या विचाराने अन्न गोड लागत नाही.

खरे ते सांगायलाच हवे. तुम्ही जाऊन सांगा, दोष माझ्यावर घाला. आणखी एक मनात आहे, ते विचारणे बरे की वाईट तेही समजत नाही. हौसाला माझ्या घरी ठेवून शाळेत घातली तर? ह्यांची ना नाही. पण जिचे लग्न मोडले तिच्या बापाला हे कोणत्या तोंडाने विचारावे?

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
जया

पौड, १ मार्च १९५९

चि. सौ. जया हिस अनेक आशीर्वाद.

माल्याला जाऊन आलो. असे काम पुन्हा मला सांगू नकोस. सगळे सांगितले तशी धोंडाबाईंनी पदर डोळ्याला लावला. कुशाबा जमिनीकडे बघत राहिला. मी म्हटले, साखर परत द्या, म्हणजे बोलणे फिटले. तर म्हणाला, की परत कुटनं दिऊ, तिचा च्या करून समद्या आळीला पाजला.

तेवढ्यात दाराआडून हौसा बोलली. तिला पहिल्यापासून ठाऊक होते. तुमच्यापैकी कोणी नथूला पाणी न भरल्याबद्दल रागावले, ते तिने ऐकले होते, आणि नवऱ्या मुलावर असे कोणी डाफरत नाही. बोलली का नाहीस, असे बापाने विचारले. ती म्हणाली, की ह्या बाया उठल्या असत्या तर पिरंगुटच्या बसल्या असत्या.

मी तुझी गोष्ट काढली. कुशाबाने मान वर केली. म्हणाला, की कुकू तुमच्या भनीनं लावलं, साखर तिनंच दिली, आमी खाल्ली, म्हंजी पोरगी आता तिची झाली. शिकवा न्हाईतर नांदवा, पर म्या दिल्याली लेक माघारी धाडू नगा.

माझ्या डोळ्यात पाणी आले, हे वहिनीला कळवू नकोस.

येत्या रविवारी चंद्राताईंची मोटार घेऊन ये. हौसा कालपासून आमच्याकडेच उतरली आहे, तेव्हा या वेळी भावाच्या दाराशी थांबावेच लागेल.

वाट बघणारा तुझा दादा,
जयसिंग