पाचपैकी तीन

३ फेब्रुवारी, सोमवार
रक्ताचा दुसरा अहवाल मिळाला. पीएसए ६.८, चारच्या आत हवे. डिसेंबरात ६.१ होते. मधे औषधाचा कोर्स पूर्ण केला. प्रयोगशाळा तीच, वेळही तीच, तरी आकडा वाढला. संसर्ग असता तर उतरला असता, असे डॉ. म्हणाले. प्रोस्टेट हा शब्द ते सहज उच्चारतात. मी अद्याप एकदाही उच्चारलेला नाही.
त्यांचे मत : लगेच सुई, म्हणजे बायोप्सी, नको, आधी एमआरआय. संशयाची जागा आहे का, आणि असल्यास नेमकी कोठे, ते त्यात दिसते. आधी पाहावे, मग टोचावे. पद्धत पटली.
फॉर्म भरून दिला. वडील किंवा सख्खा भाऊ यांस हा आजार : नाही. सही, तारीख.

४ फेब्रु., मंगळवार
डाळ मिलमध्ये शेठकडे गुरुवारची रजा मागितली. कारण विचारले. मूतखडा, म्हणालो. तोंडातून तेच निघाले.
शेठ म्हणाले, "मॅनेजरसाहेब, तुमचा खडासुद्धा गेटपास घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही." सगळे हसले. मीही.

६ फेब्रु., गुरुवार
एमआरआय झाला. तेथील मुलीने घड्याळ, पट्टा, चष्मा काढून घेतला. "काका, कमरेला काही?" चांदीचा करदोडा होता, लग्नापासूनचा. फासा निघेना. शेवटी सौ.ला आत बोलवावे लागले. दोघींनी मिळून सोडवला. मी छताकडे पाहत उभा.
आत यंत्राचा ठोका मिलच्या चाळणीसारखा. मोजू लागलो, चारशेच्या पुढे हिशेब चुकला. अडतीस मिनिटे सांगितली होती, शेहेचाळीस लागली. आठ मिनिटे जास्त का? काही दिसले म्हणून? मुलीला विचारले.
"काका, तुम्ही पाय हलवत होता. पुन्हा घ्यावं लागलं."

८ फेब्रु., शनिवार
अहवाल. ग्रंथीच्या डाव्या बाजूस नऊ मि.मी.चा डाग. संशयाची श्रेणी पाचपैकी तीन.
एक-दोन असते तर बहुधा सोडून देतात. चार-पाचला सुई लावतात. तीन म्हणजे सांगता येत नाही. एवढे मोठे यंत्र, आणि उत्तर हे.
डॉ. म्हणाले, आकडे काठावरचे आहेत. घरात कोणाला नाही, तेव्हा चार महिने थांबून पुन्हा रक्त पाहिले तरी चालेल. सुई हवी तर तीही घेऊ. विचार करून कळवा.
सौ. म्हणाली, "मग हा मधला आकडा ठेवलाच कशाला त्यांनी?"
थांबावे. नको, सुई घ्यावी. जेवणापूर्वी थांबावे असे ठरले होते.

९ फेब्रु., रविवार
धुळ्याला नानांकडे गेलो. थोरले भाऊ, त्यांना विचारल्याशिवाय मोठे काही केलेले नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचे मूतखड्याचे ऑपरेशन नाशिकला झाले होते. तेथील डॉक्टरांचे दुसरे मत घ्यावे, म्हणून त्यांची फाइल मागितली.
नानांनी वहिनींना चहाला आत पाठवले. बराच वेळ टीपॉयवरचा पेपर सरळ करत राहिले.
"मूतखडा नव्हता, प्रकाश. तेच व्हतं, जे तुनामा दखी राह्यनात."
कर्करोग. ग्रंथी पूर्ण काढली आहे. वहिनी सोडून कोणास ठाऊक नाही.
का सांगितले नाही, म्हणून विचारले. आवाज चढला असावा.
"मनीषानी सोयरीक चालू व्हती. घरमा असं दुखनं शे, हे समजतं तं पोर कोन लेतं?"
पुतणीची चाळीसगावची ती बोलणी मीच केली होती. पाहुण्यांनी विचारले तेव्हा, नानांची तब्येत ठणठणीत, एक खडा होता तो निघाला, असे खात्रीने सांगितले होते. ऑपरेशननंतर खडा पुन्हा होऊ नये म्हणून सातूचे पाणी मीच पाजत होतो. नाना माझ्यासमोर निमूट पीत होते.
माझा फॉर्म खोटा झाला, दुरुस्त करावा लागेल, म्हणालो.
"मनं नाव नको टाकू."
जेवलो नाही. वहिनींनी डबा बांधून दिला, तो घेतला.

११ फेब्रु., मंगळवार
काल दवाखान्याच्या दारातून परत आलो. फॉर्मवर नाव लागत नाही, 'भाऊ' एवढेच पुरते. पण मला भाऊ एकच आहे.
नानांवर राग धरून तीन दिवस झाले. आज शेठने खडा पडला का विचारले. अजून नाही, म्हणालो. त्यानंतर राग नीटसा धरता आला नाही.
चार महिने थांबलो तर कोणाचेच नाव येत नाही. हा विचार चांगला नाही. दिवसभर येत होता.

१२ फेब्रु., बुधवार
सकाळी नानांना फोन केला. उद्या दुरुस्ती करणार, परवानगी मागत नाही, कळवतो आहे. त्यांनी फोन ठेवला. असे आजवर झालेले नाही.

१३ फेब्रु., गुरुवार
डॉ.ना सांगितले. त्यांनी नानांचे तेव्हाचे वय विचारले. एकसष्ट. 'नाही' खोडून 'होय' लिहिले, माझी सही घेतली.
"आता थांबायचं नाही," म्हणाले. तीन तेच, डाग तोच, पण आता अर्थ वेगळा. मंगळवारी सुई. एमआरआयवर दिसलेल्या जागेतून दोन तुकडे, बाकी भागातून बारा.

१८ फेब्रु., मंगळवार
सातला दवाखान्यात पोचलो तर नाना बाहेर उभे. पहिल्या बसने आलेले. मी बोलावले नव्हते. त्यांनी माझ्याकडे न पाहता सौ.कडची पिशवी घेतली.
बाकावर शेजारी रावेरचे एक केळीवाले गृहस्थ. कोठले, कोण, असे चालले होते. मग त्यांनी मला विचारले, काय दुखते? मी उत्तर जुळवत होतो. नाना मधेच बोलले.
"प्रोस्टेट. त्याले गाठ शे का नही ते दखतंस. माले व्हती, कॅन्सरनी. काढी टाकी."
सौ. नानांकडे पाहत राहिली. माझे नाव पुकारले गेले. आत जाताना मागे पाहिले, तर ते गृहस्थ नानांकडे सरकून हळू काही विचारत होते आणि नाना बोटांवर मोजून सांगत होते.
चौदा तुकडे घेतले. दुखण्यापेक्षा यंत्राचा टच् असा आवाज वाईट.

२५ फेब्रु., मंगळवार
अहवाल आज मिळणार होता. दहाला प्रयोगशाळेतून फोन आला : एका तुकड्यावर आणखी एक तपासणी करायची आहे, शनिवारी या. डागातला तुकडा की बारातला? बाकीचे तेरा स्वच्छ आहेत का? फोनवर सांगत नाहीत, म्हणाले.
शेठला खरे कारण सांगितले. त्यांनी दार लावून घेतले आणि ही रक्ताची तपासणी उपाशीपोटी करतात का, ते विचारले.
नानांना कळवले. शनिवारी येतो, म्हणाले. मी नको म्हटले नाही.