फ्लायव्हील मी नेलंय

हीना,

फ्लायव्हील शोधत गॅरेज पालथं घालू नकोस. तुझ्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं ते बिडाचं चाक पिशवीत घालून मी पहिल्या एसटीनं भोसरीला निघालोय. भाकरी झाकून ठेवलीय.

तू ओरडशील, "नाना, रविवारी चारशे मीटरची शर्यत हाय आन् तुमाला मस्करी सुचतीय!" पण माझीच गोष्ट खरी मानून तू ते चाक लेथवर धरलंस आणि वजन निम्मं केलंस. गोष्ट काय, तर मी माझ्या गाडीचं चाक पापडासारखं पातळ केलं, मग गाडी धुक्यावरनं तरंगत धरणापल्याड उतरली, खालून मासे माना वर करून बघत होते. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते दिसायला लागलं, पोरी. अजून डोळे मिटले की दिसतं.

घडलं ते वेगळंच. पातळ केलेलं बीड पुऱ्या वेगात फुटलं आणि तुकडा पत्रा फाडून माझ्या पायात घुसला. मी लंगडतो तो त्यानं. धरणातल्या मगरीनं पाय धरला, हे मी तुझ्यासाठी रचलं होतं.

भोसरीत घडीव पोलादाचं चाक कातून घेतो. ते हलकं असूनही टिकतं. आणखी वजन उतरवायचं तर मागची चाकं फिरवणाऱ्या लोखंडी शाफ्टच्या जागी ॲल्युमिनियमचा बसवू. उद्या येतो, तोवर गाडीला हात लावायचा न्हाई.

रविवारी पहिली ये नाहीतर शेवटची, पण धडधाकट घरी ये. तू कशी हरलीस ते गावाला मी सांगेन, आणि ऐकणाऱ्याला तू जिंकलीस असंच वाटेल.

नाना